गाडी गरम करून आणू नका

श्रीनिवास उमाळकर सरांशी माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असे संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला प्रेमाने सुचवून पाहिले. पण आवाज जसा आला तसाच सांगावा, त्याला वरून तूप लावू नये, हे मला सरांनीच शिकवले आहे. तेव्हा सुरुवात भांडणानेच करते.

जबलपूरच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत सर ऑटोमोबाइल विभागाचे प्रमुख होते आणि मी त्या विभागात नुकतीच दाखल झालेली सिहोऱ्याची मुलगी. सिहोऱ्याला माझ्या वडिलांची पिठाची चक्की होती. तिच्या डिझेल इंजिनाच्या धडधडाटात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे मला यंत्रांची भीती नव्हती. माणसांचीही फारशी नव्हती, हे वर्गाला पहिल्याच दिवशी कळले. संस्थेच्या शेडमध्ये एक जुनी जीप उभी असे. रोज सकाळी ती एकदाच चालू करायची आणि सगळ्यांनी डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा, हा सरांचा नेम होता. मी पोहोचले तेव्हा जीप चालू होऊन बंदही झाली होती.

"आजचा आवाज गेला," सर म्हणाले. "उद्या या."

"गेला तर गेला सर, पुन्हा चालू करा न."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "पुन्हा चालू केली तर गाडी चालू होईल. सकाळ थोडीच होईल?"

"बस काही माझ्या बाबांची नाही, सर. सिहोऱ्याहून ती निघते तेव्हा निघते. मी काय तिला ढकलत आणू?"

तोपर्यंत सरांशी असे कोणी बोलले नसावे. त्यांनी चष्मा पुसला आणि शिकवायला सुरुवात केली. मला वाटले, झाले आपले शिक्षण. दुसऱ्या दिवशी बस पुन्हा उशिरा आली. भांडणाची पुढची फेरी मनात तयार ठेवून मी फाटकातून धावत आत शिरले. पाहते तर सगळा वर्ग जीपभोवती ताटकळत उभा. कोणी टायरवर बसलेले, कोणी जांभया देणारे, आणि जीप थंडगार. सर फाटकाकडे पाहत होते. मी दिसताच म्हणाले, "चलो, सिहोऱ्याची बस आली," आणि त्यांनी चावी फिरवली.

माझे शिक्षण संपेपर्यंत ती जीप त्या बसच्या आधी कधी चालू झाली नाही. त्याबद्दल सर एक शब्द बोलले नाहीत आणि मीही कधी आभार मानले नाहीत. ते आज इथे मानते. वर्गातली मुले मात्र मला 'सिहोरा बस' म्हणू लागली. आता त्यांचे केस पिकले, काहींचे गळले, तरी नाव तेच चालू आहे.

ज्यांचा मोटारीशी संबंध तिच्यात बसण्यापुरताच आहे, अशा वाचकांसाठी या सकाळच्या आवाजाबद्दल थोडे सांगायला हवे. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनातले तेल खाली उतरते आणि सगळे लोखंड थंड होऊन आखडते. सकाळी चावी फिरवली की ते तेल पुन्हा वर चढेपर्यंत थोडा वेळ जातो. साखळी ढिली असेल, पंखा फिरवणारा पट्टा घसरत असेल, धुराच्या नळीचे पॅकिंग फुटले असेल, तर ते त्या थोड्या वेळात ऐकू येते. मग इंजिन तापते, लोखंड फुगते, फटी बुजतात आणि दुखणे झाकले जाते. दुपारी मेकॅनिककडे नेलेली गाडी शहाण्या मुलासारखी गप्प उभी राहते आणि मालक खोटा पडतो. सर म्हणत, "गरम इंजिन पाहुण्यांसमोर बोलतं तसं बोलतं. थंड इंजिन घरच्यासारखं बोलतं." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की झोपेत उठवले तरी म्हणून दाखवू.

सरांची दुसरी अट त्याहून अवघड होती. आवाज ऐकल्यावर बिघडलेल्या भागाचे नाव घ्यायचे नाही. आधी तो आवाज तोंडाने काढून दाखवायचा. कधी आला, चावी फिरवताना की इंजिनाने पकडल्यावर, आणि कसा विरत गेला, तेही तोंडानेच. ज्याने भागाचे नाव आधी घेतले त्याला सर शेडबाहेर उभे करत. नाव सुचले की माणसाचे कान बंद होतात, पुढचे तो ऐकतच नाही, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे आमच्या विभागातून सकाळी जे आवाज येत ते विचारू नका. एकदा प्राचार्य बाहेरगावच्या पाहुण्यांना संस्था दाखवत नेमके तेव्हाच आले. सगळा वर्ग एकमेकांकडे पाहून खड्खड्खड्, घर्र, चींचीं करत होता. प्राचार्यांचा चेहरा पडला. सरांनी शांतपणे पाहुण्यांना विचारले, "तुमच्या गाडीचा कसा येतो?" पाहुणे आधी संकोचले, मग इकडेतिकडे पाहून त्यांनी घसा खाकरला आणि फार सुरेख आवाज काढला. स्टार्टर अडकत होता.

निवृत्तीनंतर सरांचे गोलबाजाराच्या मागच्या गल्लीतले अंगण हेच त्यांचे शेड झाले. आपल्या मराठी मंडळींत कोणाची गाडी सुरू होताना कुरकुरली की फोन सरांना. मग एरवी सभेत अध्यक्षस्थानी बसणारी माणसे फोनवर कटकट, टकटक करून दाखवत. पण आवाज अंगणात ऐकायचा तर अडचण होती, आणि ती आपल्या सौजन्याची होती. थंडीत सरांना ताटकळायला नको म्हणून लोक गाडी घरूनच गरम करून आणत. बडा फुहारा बाजारातल्या एका कापड व्यापाऱ्यांनी तर ड्रायव्हरला पहाटे उठवून इंजिन चांगले तापवून घेतले आणि हात जोडून म्हणाले, "सर, एकदम गरम करून आणली आहे, तुम्हाला काही त्रास नाही." सरांनी त्यांना चहा पाजला, त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि तसेच परत पाठवले. "आता हिला संध्याकाळी आणा आणि इथेच झोपू द्या," ते म्हणाले. तेव्हापासून रीतच पडली. आदल्या संध्याकाळी गाडी सरांच्या अंगणात ठेवायची आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला लावायची. आमच्याकडे याला 'गाडी झोपायला नेली' असे म्हणतात, आणि नव्या सुनांना ते काही दिवस कळत नाही.

सकाळी सर चहाच्या आधी अंगणात येत. त्या वेळी घरात भांडे वाजवायचे नाही, रेडिओ लावायचा नाही. नलिनीकाकूंचा मिक्सरही बंद. काकू नागपूरकडच्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणत, "लोकांचे नवरे सकाळी देवासमोर शांतता मागतात, आमचे बोनेटसमोर मागून राहिले. चटणी वाटाची त मले परवानगी लागते." तरीही मिक्सर त्या सरांचे झाल्याशिवाय लावत नसत.

सरांचे माझ्यावरचे सर्वात मोठे ऋण आता सांगते. शिक्षण संपल्यावर मला जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत गॅरेज टाकायचे होते. बाबांना ते मान्य नव्हते. शिकली ते ठीक, एखाद्या कंपनीत टेबलावर बस, पण लोकांच्या गाड्यांखाली झोपायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. बाबा फार बोलत नसत आणि एकदा नाही म्हटले की विषय संपे. मी सरांकडे जाऊन तणतणले. सर म्हणाले, "मी येतो. पण मी तुझी वकिली करणार नाही." मला रागच आला. वकिली करायची नाही तर यायचे कशाला?

सर आदल्या संध्याकाळी सिहोऱ्याला आमच्याकडे मुक्कामाला आले. सकाळी बाबा चक्की सुरू करायला गेले तर हेही मागोमाग. इंजिन सुरू होताना बरेच दिवस फटफट असा विचित्र आवाज करी आणि पहिली गोणी दळून होईपर्यंत गप्प होई. दोन मिस्त्री पाहून गेले होते, दोघेही दुपारी आले होते आणि दोघांनीही इंजिन उघडावे लागेल असे सांगितले होते. सरांनी आवाज ऐकला आणि बाबांना म्हणाले, "तुम्ही काढून दाखवा बरं."

माझे बाबा, ज्यांना मी कधी शीळ घालताना ऐकले नाही, त्यांनी ओठांनी फटफट केले. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा केले, या वेळी आवाज हळूहळू विरत नेला. इतके हुबेहूब की मी थक्क झाले. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "मला काही उमगून नाही राहिलं. सुनिताला विचारा."

मी दारात उभी होते. म्हटले, "बाबा, इंजिन नका उघडू. धुराची नळी जिथं इंजिनाला जोडली आहे तिथलं पॅकिंग फुटलं आहे. गरम झालं की फट बुजते, म्हणून आवाज जातो."

बाबांनी सरांकडे पाहिले. सर छताकडे पाहत होते. पॅकिंग बदलले आणि दुसऱ्या सकाळी चक्की पहिल्या दमात नीट सुरू झाली. बाबा बराच वेळ तिच्याजवळ उभे राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रिछाईत जागा चांगली बघजो. पाणी साचते तिकडे." सरांना तेव्हा खरेच कळले नव्हते का, हे मी त्यांना आजवर अनेकदा विचारले आहे. ते प्रत्येक वेळी चष्मा पुसतात. चष्मा पुसणे याचा अर्थ काय ते आता मला ठाऊक आहे.

इथवर सगळे छान आहे आणि एवढ्यावर थांबले तर गौरवग्रंथाला शोभेलही. पण गेल्या वर्षी जे घडले ते वगळले तर हा लेख गरम इंजिनाचा होईल.

रामरतन भैया हे शाळेची व्हॅन चालवतात. तिची देखभाल माझ्याच गॅरेजात होते, पण सरांबद्दल आदर असा की काही वेगळे वाटले की ती सरांकडे झोपायला. सकाळी सरांनी ती चालू करून ऐकली. रामरतन भैयांनी आधी नियमाप्रमाणे तोंडाने आवाज काढून दाखवला होता, "सर, चींचीं करती है, थोडी देर." सरांनी ऐकले, पुन्हा मान झुकवून ऐकले आणि म्हणाले, "काही नाही. बेधडक चालवा." भैयांच्या कानांनी त्या क्षणीही चींचीं ऐकली होती. पण सर नाही म्हणतात म्हणजे नसणार, आपल्याच कानात काही असेल, असे समजून ते निघाले. पुढे काही दिवसांनी अधारतालच्या पुढे भर दुपारी पट्टा तुटला, इंजिन तापून वाफा निघू लागल्या आणि व्हॅन रस्त्यात उभी राहिली. मुले घाबरली. एक छोटी मुलगी रडून रडून थकली. कोणाला इजा झाली नाही, दुसऱ्या गाडीने सगळी सुखरूप घरी गेली, पण पालक रामरतन भैयांवर फार चिडले.

भैयांनी सरांचे नाव कोणाला सांगितले नाही. सरांना ते माझ्याकडून कळले. ते त्याच संध्याकाळी माझ्यासोबत शाळेत गेले आणि जमलेल्या पालकांसमोर उभे राहून म्हणाले, "ड्रायव्हर की कोई गलती नहीं है. इन्होंने बताया था. मैंने नहीं सुना." परतताना गाडीत ते म्हणाले, "सुनिता, माझे कान गेले ते वयानं गेले, त्याचं काही नाही. पण त्यानं तोंडानं काढून दाखवलं होतं न. माणसाचा आवाज मला ऐकू आला होता. मी माणसाचं सोडून इंजिनाचं खरं धरलं." आयुष्यभर दुसऱ्यांना जे शिकवले तेच आपल्या हातून सुटले, याचे दुःख त्यांना झाले होते.

त्या दिवसापासून सरांनी दाराजवळचा खिळा काढून टाकला. कोणी गाडी आणली तर नम्रपणे परत पाठवू लागले. सकाळी चहाच्या आधी अंगणात येणे बंद झाले. काकूंनी मला फोन केला, "सुनिता, मी आता पहाटे मिक्सर लावते, कोणी काही म्हणत नाही. मले हे आवडून नाही राहिलं." सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले होते. आपल्या मराठी मंडळात सत्काराची बोलणी चालू होती, आणि ज्यासाठी सत्कार करायचा तेच सरांनी सोडून दिले होते. मला सत्कार नको होता, मला अंगणातले सर परत हवे होते.

मी त्यांना कान तपासायला नेले, म्हणजे जवळजवळ ओढतच नेले. तपासणाऱ्या पल्लवीताई आपल्यातल्याच. मराठी समजते सगळे, बोलताना अर्ध्यावर हिंदी येते. त्यांनी सांगितले की सरांना जाड आवाज ठीक ऐकू येतात, बारीक, टोकदार आवाज गेले आहेत. कानाचे मशीन मिळाले. सरांनी ते लावून अंगणात माझी गाडी चालू करायला सांगितली, डोळे मिटले आणि मशीन काढून स्टीलच्या डब्यात ठेवले. तो डबा आठवडेच्या आठवडे फडताळात होता.

मी तावातावाने सरांना घेऊन पल्लवीताईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "दीदी, ये मशीन माणसाचं बोलणं ऐकायला बनवली आहे. इंजिन की आवाज को वो कचरा समझती है, गाळून टाकते. बाकी सब लोग तर यही चाहते हैं."

"आमच्या सरांना तो कचराच हवा आहे."

त्या हसल्या, मग विचारात पडल्या. गाळणे बंद करून बारीक आवाज उचलून धरणारी वेगळी सेटिंग करता येईल, पण सर प्रत्यक्ष तो आवाज ऐकत असताना आपल्याला तिथे लॅपटॉप घेऊन बसावे लागेल, पुन्हा पुन्हा ऐकवून थोडे थोडे जुळवावे लागेल, असे त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "तो आवाज सकाळी एकदाच येतो, बेटा. पुन्हा पुन्हा नाही येत."

"एका गाडीचा एकदा येतो," मी म्हटले. "पल्लवीताई, गाड्या किती पाहिजेत ते सांगा."

सरांच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी निरोप टाकला: सरांकडे गाड्या झोपायला आणा. सुरू होताना आवाज करणाऱ्याच आणा, ठणठणीत गाड्या आणून गर्दी करू नका. ज्यांनी नुकतीच दुरुस्ती केली होती ते हळहळले. रामरतन भैया मात्र संध्याकाळ व्हायच्या आधीच गॅरेजमध्ये येऊन उभे राहिले. त्यांच्या व्हॅनला आम्ही नवा पट्टा बसवला होता, ती आता बिनतक्रार सुरू होत होती.

"दीदी," ते म्हणाले, "मेरी वाली को फिर से बिगाड़ दो."

मी पट्टा ढिला करून दिला. आयुष्यात इतक्या गाड्या दुरुस्त केल्या, पण त्या एका बिघाडाइतके समाधान मला दुसऱ्या कशात मिळाल्याचे आठवत नाही.

सकाळी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्यांनी भरली होती. थंडी होती, काचांवर दव होते. शाली पांघरलेले, मफलर गुंडाळलेले आमचे सगळे जुने विद्यार्थी भिंतींना टेकून उभे, आणि कोणी बोलत नव्हते. दूधवाला सायकलवरून उतरला, त्याने ती गर्दी पाहिली आणि हळूच मला विचारले, "सर तो ठीक हैं न?" मी त्याला म्हटले, आता कळेल. काकूंनी कुकरदेखील चढवला नव्हता. सर मशीन लावून खुर्चीवर बसले, शेजारी पल्लवीताई लॅपटॉप घेऊन. एकेक गाडी चालू झाली. सर डोळे मिटून ऐकत आणि मान हलवून नाही म्हणत. पल्लवीताई काहीतरी बदलत आणि पुढच्या गाडीला खूण करत. एका गाडीला सर "थोडं, थोडं" म्हणाले. पुढच्या गाडीला काहीच नाही. गाड्या संपत आल्या तशी मी उरलेल्या मोजू लागले. प्रत्येक गाडीची तेवढी एकच सकाळ होती.

शेवटी व्हॅन राहिली. रामरतन भैयांनी कपाळाला हात लावून चावी फिरवली. इंजिनाने पकडले आणि पट्टा चिरकला.

सरांनी हात वर केला. डोळे मिटलेलेच होते. आणि ज्यांनी आयुष्यभर आम्हाला तोंडाने आवाज काढायला लावले पण स्वतः कधी काढला नाही, त्या सरांनी ओठ आवळून म्हटले, "चीं, चीं, चीं."

"हाँ सर," भैया खिडकीतून ओरडले, "यही! बिलकुल यही!"

सरांनी डोळे उघडले. थेट माझ्याकडे पाहिले. "सुनिता, हा झिजलेल्या पट्ट्याचा आवाज नाही. पट्टा नवा आहे. ढिला काहून केला?"

मी रडत होते. पल्लवीताईंनी लॅपटॉपवर ती सेटिंग जपून ठेवली. सगळ्यांना एकदम बोलायचे होते, आणि त्या गलक्यात आतून काकूंनी इतक्या महिन्यांच्या सवयीने मिक्सर लावला. सरांनी मान वळवली. "नलिनी, मिक्सरचं बेअरिंग गेलं आहे."

"वर्षभरापासून मी हेच सांगून राहिली!" काकू ओरडल्या.

तेव्हापासून तो खिळा पुन्हा दाराजवळ आला आहे. एक नियम सरांनी नवा केला. मालक किंवा ड्रायव्हर तोंडाने जो आवाज काढेल तो खोटा धरायचा नाही, आपल्याला तो इंजिनात ऐकू आला नाही तरी. अशा वेळी सर म्हणतात, "मला नाही आला, तुम्हाला आला, म्हणजे आहे," आणि गाडी दुसऱ्या कानांकडे, बहुधा माझ्याकडे, पाठवतात. रामरतन भैयांची व्हॅन अजून महिन्यातून एखादे वेळी तिथे झोपते. तिला काही झालेले नसते. भैयांना सकाळचा चहा सरांबरोबर घ्यायचा असतो.

सरांचे स्वभावदोष सांगायचे तर जागा पुरायची नाही. हट्टी आहेत, स्तुती केली की उठून जातात, त्यामुळे या ग्रंथाच्या प्रकाशन समारंभात त्यांना कसे बसवून ठेवावे याची चिंता आहे. त्यांचे कान उरले आहेत तेवढे टिकोत, गुडघे साथ देवोत, काकूंची चटणी आणि काकूंचे बोलणे दोन्ही त्यांना रोज ऐकू येवोत, आणि शंभरी त्यांनी त्याच अंगणात, चहाच्या आधी गाठावी, एवढे मी मागते.

आणि मंडळातल्या सर्वांना माझी एकच विनंती आहे. सत्काराच्या दिवशी सरांना घरून आणायला जी गाडी जाईल, ती सौजन्य म्हणून कोणी गरम करून नेऊ नका. आदल्या संध्याकाळी ती सरांच्या अंगणात झोपायला ठेवा. सकाळी सर बाहेर येतील, मशीन कानाला नीट लावतील, सगळे गप्प होतील, मग चावी फिरवा. हार नंतर घाला.